छपरांवर तरंगणारी लेक

मास्तरांच्या दारात सकाळपासून रीघ लागली होती. जो तो तिथल्या भिंगांच्या खोक्याला डोळे लावायचा आणि हात जोडून बाजूला व्हायचा. आत गावाची छपरं वरून दिसत आणि त्यांच्या वर, हवेत, एक पांढरी आकृती तरंगत असे.

खोकं मास्तरांच्या लेकीनं बनवलेलं. पुठ्ठ्याच्या नळीचं रॉकेट उडवायचं, त्याला शेजारी शेजारी बांधलेल्या दोन कॅमेऱ्यांनी वरून एकाच क्षणी फोटो घ्यायचे आणि एकेका डोळ्याला एकेक फोटो दाखवायचा, की छपरं खरोखरीची उठून दिसतात. पोरीला भारी नाद होता. ताप मेंदूत गेला आणि ती गेली. तिचं शेवटचं रॉकेट तिच्यामागे मास्तरांनी एकट्यानंच उडवलं होतं; खोक्यात होते ते त्याच वेळचे फोटो.

"एका डोळ्यानं माया, दोन डोळ्यांनी आत्मा!" आकृतीची बातमी ऐकून आलेले एक महाराज मास्तरांच्या बायकोकडे बघून गरजले. "माते, लेक बोलावतेय. औषधं तुझी वाट अडवतात, सोडून दे!" खोकं कुणी बनवलं, हे महाराजांनी सोयीस्करपणे गाळलं.

मास्तरांच्या बायकोनं हृदयाच्या गोळ्या बंद केल्या. पाय सुजले, बोलताना धाप लागू लागली, पण चेहरा मात्र शांत. तो बघून मास्तरांचं काळीज तुटायचं. हे समाधान हिरावून घ्यायचं तरी कसं? आणि न घ्यावं तर ही पण जायची.

शेवटी त्यांनी सर्वांदेखत अंगणात बादली ठेवली आणि टेबलावर चढून फोटो काढला. मग बादली वीतभर ढकलली, कॅमेरा जरा उलट बाजूला नेला आणि दुसरा काढला. दोन्ही छापून खोक्यात घातले.

"अगं बाई, बादली उडतेय!" शेजारीण ओरडली.

"महाराज, बादलीलाही आत्मा असतो का हो?" मास्तरांनी विचारलं.

"जलतत्त्व... म्हणजे..." महाराज चपला शोधू लागले.

"आमचा एक कॅमेरा किंचित उशिरा उघडला," मास्तर म्हणाले. "तेवढ्यात वाऱ्यानं गच्चीतल्या दोरीवर वाळणारी पांढरी चादर सरकली. दोन फोटोंत तिची जागा बदलली, म्हणून ती अधांतरी दिसते. दुःख कुणाला चुकलंय? पण म्हणून कुणी काहीही सांगावं आणि आपण ऐकावं, असं करू नका. आधी तपासून बघा."

गर्दी पांगली. बायको भिंतीला टेकून बसली होती.

"म्हणजे ती मला बोलावत नव्हती?"

"नाही गं."

"मग आता मला कुणीच बोलावत नाही."

"मी बोलावतोय ना," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गोळी पुढे केली.

तिनं ती घेतली. मग पोर गेल्यापासून पहिल्यांदाच दोघं एकमेकांसमोर रडली.