तिसरी गाठ, एक पॉइंट दोनवर

माणूस जगाकडे कसा पाहतो हे शेवटी त्याच्या भिंगावर ठरते, आणि ज्याचे भिंग थोर त्याचीच दृष्टी थोर. हे वचन वरुणरावांचे. ते त्यांनी पहिल्यांदा उच्चारले तेव्हा त्यांचा चष्मा सापडत नव्हता आणि त्यांची बायको विशालाक्षी तो न्हाणीघरात शोधत होती.

वरुणराव तंजावरातल्या एका विमा कार्यालयात अधिकारी होते. तिथे ते लोकांच्या मरणाची कागदपत्रे तपासत आणि उरलेल्या वेळात लोकांच्या फोटोंना नावे ठेवत. त्यांच्याकडे नव्या जमान्याचा, बिनआरशाचा, महागडा कॅमेरा होता. तो स्वतः फोकस करतो, स्वतः डोळे शोधतो, चिमणीसुद्धा ओळखतो. या सगळ्या सोयी वरुणरावांनी एकेक करून बंद केल्या होत्या. मग त्यावर एक पितळी अडॅप्टर बसवला, आणि अडॅप्टरवर आपल्या लहानपणी जपानात बनलेले एक जाडजूड भिंग. फोकस हाताने, ॲपर्चर हाताने, चूकही हाताने. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘भिंग जोडलेले नाही’ अशी सूचना येई. वरुणराव तिच्याकडे, खालच्या दर्जाच्या माणसाने केलेल्या शंकेकडे पाहावे तसे पाहत.

भिंग एक पॉइंट दोनचे होते. म्हणजे त्याचे तोंड इतके मोठे उघडते की देवळाच्या गाभाऱ्यात एका पणतीवर फोटो निघावा. वरुणराव गाभाऱ्यात कधी फोटो काढत नसत, कारण तिथे मनाई आहे. ते काढत भर दुपारी. तंजावरची दुपार अशी की असले भिंग उघडताच चित्र पांढरेफटक व्हावे. म्हणून ते भिंगापुढे एक काळी काच लावत. जास्त उजेड आत यावा म्हणून भिंग घ्यायचे आणि तो येऊ नये म्हणून वर काच घ्यायची, यातली संगती विशालाक्षीने एकदा विचारली होती. त्यावर त्यांनी तिला जवळपास तासभर समजावले. तेवढ्यात खाली सांबार लागले.

भिंग आले तेव्हा जुन्या काचेमुळे पिवळे पडलेले होते. उन्हात ठेवले की निवळते, असे कुणीसे इंटरनेटवर सांगितल्यावरून ते गच्चीवर, विशालाक्षीने वाळत घातलेल्या वडामशेजारी, म्हणजे सांडग्यांशेजारी, पाटावर ठेवण्यात आले. रविवारी वरुणराव स्वतः काठी घेऊन राखणीला बसत. भिंगाला कावळ्याने चोच लावली नाही. वडाम मात्र त्याने निवांतपणे खाल्ले, कारण राखण भिंगाची होती.

आता प्रसंग. वरुणरावांचे सासरे रंगराव यांचा सदाभिषेकम् ठरला. महाराष्ट्रात ज्याला सहस्रचंद्रदर्शन म्हणतात तेच. फक्त इकडे ऐंशी उलटलेल्या नवऱ्याला त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावे लागते. तंजावरच्या मराठी घरांनी तमिळ शेजाऱ्यांकडून जे जे घेतले त्यात हेही आले, आणि त्यासोबत तालीच्या, म्हणजे मंगळसूत्राच्या दोऱ्याच्या, तीन गाठीही आल्या. पहिल्या दोन गाठी नवरा मारतो. तिसरी मारते नवऱ्याची बहीण, वधूच्या पाठीमागे उभी राहून. बहीण नसेल तर चुलत, मावस कुणी चालते. असून आली नाही, तर मात्र गाव विचारते.

रंगरावांना एकच सख्खी बहीण. वेंकूबाई. तिरुवैयारूला दिलेल्या. भावाबहिणीचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते, आणि कारण तेवढेच भक्कम होते: कुणाच्या तरी मुंजीत वेंकूबाईंच्या यजमानांना दुसऱ्या पंगतीला बसवले गेले. यजमान पुढे विसरलेही, पंगत राहिली. तिकडे सासरच्या मंडळींनी बाईंना ऐकवणे चालूच ठेवले की तुझा भाऊ तुला उंबऱ्यावर उभी करत नाही. तेव्हा गाठ मारायला येते, असे वेंकूबाईंनी कळवले, पण एका अटीवर. गाठ मारतानाचा फोटो हवा. मोठ्या कॅमेऱ्यातला, कागदावरचा. फोनातले चित्र आजकाल कॉम्प्युटरच तयार करतो, असे जावा म्हणतील. तो फोटो त्या पुढच्या खोलीत लावणार होत्या, म्हणजे मग बोलणाऱ्यांची तोंडे बंद.

रंगरावांनी अट मान्य केली आणि ओरत्तनाडूच्या सतीशकुमार नावाच्या फोटोग्राफरला बोलावणे धाडले. ते वरुणरावांनी परस्पर रद्द केले. सतीशकुमार सगळे काही फ्लॅश मारून काढतो, त्याच्या फोटोत माणसामागची भिंत, भिंतीवरचा पंखा, पंख्यावरची धूळ, सगळे सारख्याच ठळकपणे येते, ही काय कला झाली, असे त्यांनी सासऱ्यांना सुनावले. रंगराव म्हणाले की पंखा आपल्याच पैशाचा आहे, आला तर बिघडले काय. पण जावयाचा मान असतो. त्यांनी फक्त एवढेच बजावले:

“माप्पिळ्ळै, बाकी काही येवो न येवो. वेंकूची गाठ यायला हवी.”

जावयाने डोळे मिटून मान हलवली. असे डोळे ते ऑफिसात मयताच्या वारसांसमोर मिटत.

मानंबुचावडीतल्या रंगरावांच्या घरापुढे मांडव पडला. वेंकूबाई सकाळीच आल्या, हळदी रंगाचे रेशमी नेसून. भावाने “ये” म्हटले, बहिणीने “आलें” म्हटले, आणि एवढ्यावर बायकांनी डोळे पुसले. कलशांचे पाणी दोघांच्या डोक्यावर ओतून झाले, ओले नेसलेले बदलून झाले, आणि मुहूर्त जवळ आला.

मुहूर्ताला नादस्वरवाल्यांनी एकदम जोर केला, अक्षता उडाल्या आणि नातेवाइकांचे फोन वर गेले. त्या सगळ्यांच्या पुढे, अगदी नवरा-नवरीच्या तोंडाशी, वरुणराव गुडघे दुमडून उभे राहिले. एका हाताने कॅमेरा, दुसऱ्या हाताने भिंगाचे कडे. एक पॉइंट दोनवर जेमतेम चार बोटे जागा स्पष्ट येते. त्याच्या पुढचे आणि मागचे जग विरघळते. वरुणरावांना हे विरघळणे फार प्रिय. त्यांनी कडे पुढे फिरवले, मागे फिरवले, पुन्हा पुढे. पहिली गाठ गेली. दुसरी गेली. तिसरीच्या वेळी त्यांनी श्वास रोखला, कडे केसभर हलवले आणि कळ दाबली. वेंकूबाईंनी गाठ मारून हात काढला. झाले.

पंगत बसायच्या आधीच वेंकूबाईंनी फोटो पाहायला मागितला. वरुणरावांची मुलगी जननी हिने तो कॅमेऱ्यातून टीव्हीवर लावला. हॉलमध्ये सगळे जमले.

चित्रात सासूबाईंच्या गळ्यातल्या हारातले एक गुलाबाचे फूल होते. इतके स्पष्ट, की पाकळीवरच्या मुंगीचे पाय मोजता यावेत. फुलाच्या वर सासूबाई असाव्यात. शेजारी रंगरावांचा एक कान, अंदाजे. आणि पाठीमागे एक मोठा, मऊ, हळदी रंगाचा गोळा तरंगत होता, भोवती दिव्यांच्या चकत्या.

“मी कुठें?” वेंकूबाईंनी विचारले.

वरुणराव उठले. गोळ्याकडे बोट दाखवून ते सांगू लागले की अत्तै, हे जुन्या काचेचे वैशिष्ट्य आहे, नव्या भिंगांना हे साधतच नाही, पार्श्वभूमी लोण्यासारखी व्हावी यासाठी जगभर माणसे जीव टाकतात.

“पार्श्वभूमी म्हणजे?”

“म्हणजे मुख्य विषयाच्या मागचं.”

वेंकूबाईंनी फुलाकडे पाहिले, मग गोळ्याकडे. “तिकडे दुसऱ्या पंगतीला बसविलं,” त्या म्हणाल्या, “इकडे लोणी केलंत. सरि, बरं.” आणि पिशवी शोधू लागल्या.

घाईघाईने नातेवाइकांचे फोन तपासण्यात आले. व्हिडिओ भरपूर होते. प्रत्येकात पहिली गाठ दिसे, मग डावीकडून वरुणरावांची पाठ येई आणि शेवटपर्यंत राही. घामाने चिकटलेला रेशमी जिब्बा, शिवणीसकट, अत्यंत स्पष्ट.

रंगरावांनी पौरोहित्य करणाऱ्या वाध्यारांना विचारले, पुन्हा गाठ मारता येईल का. वाध्यारांनी सांगितले की मारलेली गाठ सोडणे अशुभ. पण मारल्यासारखे हात धरले, तर शास्त्राची काही हरकत नाही, आणि आपली पण नाही, फक्त पान वाढण्यापूर्वी आटपा. वरुणरावांची मात्र हरकत होती. नाटक करून काढलेला फोटो हा खोटा फोटो, असे ते म्हणाले. विशालाक्षीने त्यांना बाजूला घेतले आणि हळू आवाजात सांगितले की माझी आत्या आज जर अशी परतली, तर तुमची सगळी भिंगे मी विहिरीत टाकीन, आणि तो फोटो मात्र खरा येईल.

तेव्हा मंडळी पुन्हा पाटावर बसली. वेंकूबाई पुन्हा मागे उभ्या राहिल्या आणि दोरा धरला. आता करायचे ते सोपे होते. ॲपर्चर, म्हणजे भिंगाचे तोंड, लहान केले की पुढचे, मागचे सगळे स्पष्ट येते. कॅमेरा धरणारे पोरही हे जाणते. वरुणरावांनी काळी काच काढली आणि एवढ्या काळात प्रथमच भिंगाचे ते दुसरे कडे फिरवले. आकडा मोठा तितके तोंड लहान; कडे कट्‌कट् करत आठावर गेले. चित्र होते तसेच राहिले. त्यांनी अकरावर नेले, सोळावर नेले. मग भिंग उलटे करून तोंडात डोकावले. आतली पाती जुन्या तेलात चिकटून जागच्या जागी बसली होती. भोक होते तेवढेच होते.

आयुष्यभर उघड्या ॲपर्चरवरच काढीन, हे वरुणरावांचे व्रत होते. ते मोडण्याची सोयच नव्हती, हे त्यांना मांडवात कळले. दुसरे भिंग आणलेले नव्हते, कारण एका माणसाला एकच दृष्टी पुरते. हे सगळे ओळखल्यासारखे विशालाक्षी त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी खाकरून जाहीर केले की या भिंगाचा स्वभाव असा आहे, ते एका वेळी एकाच व्यक्तीला न्याय देते.

“एकच स्पष्ट येणार?” वेंकूबाईंनी मागून विचारले.

“एकच, अत्तै.”

“मग ती मी. अण्णा, तुम्हांस चालेल कीं?”

रंगराव त्या दिवशी उदार होते. ऐंशी वर्षांत त्यांना आपण कुठे अस्पष्ट दिसू अशी शंका कधी आली नव्हती. “वेंकूचं नीट येऊं दे,” ते म्हणाले, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून, छाती काढून, चांगले प्रसिद्ध होण्याच्या तयारीने बसले.

वरुणरावांनी काळी काच परत लावली, आणि या वेळी ते चुकले नाहीत. समोरचे कुणी हलत नव्हते, नादस्वर थांबला होता, वाध्यार घड्याळ पाहत होते. फोटो खरोखर उत्तम आला. वेंकूबाईंची नथ, कपाळावरची सुरकुती, दोऱ्यावरची बोटे, डोळ्यांतला तो जुना दावा, सगळे लखलखीत. पुढे दोन बसकी, पांढरट ढेकळे होती. वेंकूबाईंनी टीव्हीपाशी जाऊन बराच वेळ पाहिले. मग जावयाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिल्या पंगतीला जेवायला बसल्या. डांगरपच्चडी दोनदा मागून घेतली.

रंगरावांनी तोच फोटो पाहिला आणि विचारले, “यात मी कोणता?” जननीने डावीकडचे ढेकूळ दाखवले.

वेंकूबाईंनी फोटो मोठा करवून घेतला आणि तिरुवैयारूच्या पुढच्या खोलीत, दारासमोर लावला. येणारेजाणारे थांबतात. जावा काही बोलत नाहीत. मध्यंतरी वेंकूबाईंचे पापनाशमचे व्याही आले होते. त्यांनी चौकटीकडे पाहून विचारले की मागे उभ्या तुम्ही, ते कळले. पुढे बसलेली ही दोघे कोण?

“आहेत कोणी,” वेंकूबाई म्हणाल्या.

व्याह्यांनी हे तंजावरात येऊन रंगरावांना जसेच्या तसे सांगितले. त्या दिवसापासून भावाबहिणीचे बोलणे पुन्हा बंद आहे.