शुन्पेई तोकुनागाचा जगप्रसिद्ध गोल

घराबाहेर पडताना शुन्पेई तोकुनागा टोपी, काळा चष्मा आणि मास्क असा जामानिमा करूनच पडायचा. दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगमध्ये बचावपटू म्हणून त्याची निम्मी हयात गेली होती. चाहत्यांनी गराडा घातला तर सुटका कशी करून घ्यायची, ही त्याची प्रामाणिक काळजी.

"कुणी ओळखलं तर?"

"ओळखू देत की हो," त्याची बायको चिहारु म्हणायची. "एकदाचं होऊन जाऊ दे!"

चाहते मात्र कमालीचे समंजस. इतक्या वर्षांत एकानंही त्याला त्रास दिला नाही.

मग एका रविवारी, बरोबरीत चाललेल्या सामन्यात, त्यानं मैदानाच्या मध्यावरून, पाठमोरा असतानाच, चेंडू मागे आपल्याच गोलरक्षकाकडे टोलवला. गोलरक्षक खांबापाशी पाणी पीत होता. चेंडू उंच गेला, वाऱ्यावर वळला आणि अशा देखण्या कमानीत आपल्याच जाळ्यात शिरला, की प्रतिस्पर्धीही टाळ्या वाजवायला लागले.

सोमवारी सगळ्या वाहिन्यांवर तोच गोल. मंगळवारी स्टेशनवर लोकांनी त्याला मास्कसकट ओळखलं. शाळकरी पोरी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढू लागल्या. तीच आता फॅशन होती.

त्याच्या गावचे नगराध्यक्ष कुसुमोतो यांचा फोन आला. "तोकुनागासान, तुम्ही तर आमच्या गावचे सुपुत्र! आम्हाला कालच कळलं. आमच्या माकूल मासळीच्या महोत्सवाला आलंच पाहिजे."

शुन्पेई नवा सूट घालून गेला. धक्क्यावर ही गर्दी! भाषण करावं म्हणून त्यानं घसा खाकरला, तर कुसुमोतोंनी पुढ्यात चेंडू ठेवला. मागे, दूरवर, जाळं लावलं होतं.

"तस्साच मारा! उलटा!"

त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला आणि मारला. चेंडू खांबाला लागला. दुसरा भाजलेल्या माकुलांच्या शेगडीवर पडला. तिसरा थेट समुद्रात.

"अरे, ह्याला स्वतःवरसुद्धा गोल मारता येत नाही!" एक कोळी ओरडला.

"आज वारा आहे जरा," कुसुमोतो माइकवर म्हणाले. तोवर गर्दी माकुलांच्या रांगेत गेली होती.

शुन्पेईचा चेहरा लालबुंद झाला. वळून बघतो तर चिहारु पोट धरून हसत होती.

"हसतेस काय?"

"अहो, तुमचा चेंडू एवढा लांब गेलेला मी आजच पाहिला!"

तो चिडला, फणफणला आणि मग त्यालाही हसू आवरेना.

पुढच्याच आठवड्यात एका माकडानं पोलीस ठाण्यात घुसून ठाणेदाराची टोपी पळवली आणि जपानला नवा नायक मिळाला. त्या शनिवारी शुन्पेईनं शेवटच्या क्षणी गोलरेषेवरून चेंडू परतवून संघाची लाज राखली. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. त्या त्यानं चिहारुकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतल्या.