बाँबीच्या पाठीवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. रमीतला नव्हे आणि टपालाचाही नव्हे; 'वनरण' नावाच्या खेळातला. माझ्या अंगावर मातीच्या ढिगाऱ्याचं चित्र आहे आणि वर हिंदीत 'बाँबी' असं छापलं आहे. मराठीत मला वारूळ म्हणतात. खाली दोन आकडे आहेत. बळ शून्य, तग पाच. म्हणजे मी कोणाला मारू शकत नाही, फक्त मार खाऊ शकतो. हसलात ना? हसा, मला सवय आहे. पाठीवर पळसाची लाल फुलं आहेत, ती आमच्या खेळातल्या सगळ्याच पत्त्यांच्या पाठीवर असतात. पण एका कोपऱ्यात कुंकवाचा डाग आहे, तो फक्त माझा. त्या डागाने एका मुलीचा आणि तिच्या आजोबांचा जीव कसा टांगणीला लावला होता, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. एकाच मोठ्या कागदावर माझ्या शेजारी वाघ होता, पलीकडे हत्ती. मग कात्री चालली आणि आम्ही वेगळे झालो. दहा-दहा जणांना चकचकीत पाकिटात कोंबलं आणि ते पाकीट रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, एका वह्या-पेनांच्या दुकानात दोरीला टांगलं. तिथे मी बरेच दिवस लटकत होतो. शेवटी मला रूपालीने नेलं. ती चौबे कॉलनीत राहणारी, सातवीतली मुलगी. तिला वाघ हवा होता. तिने दुकानाच्या पायरीवरच पाकीट फाडलं, मला पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"फिर बाँबी!" ती म्हणाली.

घरी माझे तीन भाऊ आधीच होते. मी चौथा. माझी रवानगी विज्ञानाच्या पुस्तकात झाली, खूण म्हणून. अन्नसाखळीच्या धड्यात मी सहा महिने काढले. वाईट वाटलं का? वाटलं. कशाला खोटं बोलू?

आता आमचा खेळ थोडक्यात सांगतो. प्रत्येकाने आपल्या मनाने चाळीस पत्ते निवडून त्यांचा डेक बांधायचा. एकाच चित्राचे जास्तीत जास्त चार पत्ते चालतात. पाणवठ्याचे पत्ते मांडले की पाणी मिळतं आणि पाणी मोजून प्राणी उतरवायचे. वाघाला सहा घोट लागतात, मला एकच. दोन्ही खेळाडूंना वीस-वीस प्राण असतात आणि ज्याचे आधी संपले तो हरला.

रूपालीने पहिला डेक बांधला तेव्हा त्यात नुसते वाघ, हत्ती आणि रानरेडे भरले. शहरातल्या स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. हातात तीन वाघ आणि समोर पाणी दोन घोट! वाघ हातातच बसून राहिले आणि समोरच्याच्या माकडांनी तिला ओरबाडून संपवलं. घरी येऊन तिने सगळे पत्ते पलंगावर फेकले आणि उशीत तोंड खुपसलं.

तेव्हा तिचे आजोबा नरहरी खोलीत आले. सगळे त्यांना आबा म्हणत. मूळचे गोंदियाकडचे, मालगाडीवर पस्तीस वर्षं गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना दिवस खायला उठायचा. त्यांनी चष्मा लावून एकेक पत्ता वाचला. अर्धा तास वाचत होते.

"काहून हरली, मले समजलं," ते म्हणाले. "तू गाडीले नुसते इंजिनच जोडून राहिली. आठ इंजिनं अन् डबा एकबी नाही. अशी गाडी कोणत्या यार्डातून निघते वं?"

"पर आबा, बाघ ही तो जीतता है," रूपाली उशीतूनच म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण जिभेवर हिंदी यायची.

आबांनी पुस्तकातून मला बाहेर काढलं. मला उलटं केलं, सुलटं केलं आणि मोठ्याने वाचलं, "बळ शून्य." मग ते हसले. मला वाटलं, झालं, आता हेही हसणार. पण ते म्हणाले, "हा तर गार्डाचा डबा हाय. याच्यात जोर नाही, पण याच्यावाचून गाडी सुटत नाही. पस्तीस वर्षं मी याच्यातच बसलो ना, पोट्टे!"

मित्रांनो, मला त्या क्षणी काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. कागदाला रडता येत नाही हे बरंच आहे, नाहीतर मी तिथेच विरघळलो असतो.

त्या दिवसापासून आजोबा आणि नातीचं काम सुरू झालं. साठ पत्ते निवडले, मग त्यातले वीस काढायचे. हे वीस काढणं फार अवघड. प्रत्येक पत्ता काढताना रूपाली भांडायची. आबांनी अस्वलाच्या पत्त्यावरचा बारीक मजकूर शोधून काढला: आपल्या बाजूला बाँबी मांडलेली असेल तर अस्वलाला निम्मंच पाणी लागतं. अस्वलाला वारुळातल्या वाळवीचं भारी वेड. म्हणून चार अस्वलं आणि आम्ही चौघं भाऊ. सोळा पाणवठे. उरलेल्या जागांत हलके, स्वस्त प्राणी. वाघ एकच ठेवला, तोही रूपालीने हट्ट केला म्हणून. मग रोज संध्याकाळी डेक पिसायचा, वरचे सात पत्ते उचलायचे आणि हात चांगला आला की गॅलरीच्या फरशीवर खडूने रेघ मारायची, अडकला तर फुली. सुरुवातीला फुल्याच फुल्या होत्या. पाणवठे एकाने वाढवले, हरणं दोनाने कमी केली आणि हळूहळू रेघा वाढल्या. दिवाळीआधी नव्या रायपुरात राज्याची स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला नागपूरला खेळायला मिळणार होतं. रूपालीने त्यासाठी रोजचा खेळायचा वेळ खर्ची घातला.

आणि मग ती खंडेनवमी आली.

रूपाली तेव्हा मावशीकडे गोंदियाला गेली होती. नवमीला आबा दरवर्षी आपली गार्डाची शिट्टी, हिरवं-लाल निशाण आणि हातकंदील पाटावर मांडून पूजा करायचे. ज्या हत्याराने माणूस काम करतो, त्याला त्या दिवशी हळदकुंकू लागतं. त्या वर्षी कंदील मोडीत गेला होता आणि निशाण उंदरांनी खाल्लं होतं. उरली होती शिट्टी. पाट अगदी रिकामा दिसत होता. आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि रूपालीचा पत्त्यांचा डबा उघडला.

"तिचंही हत्यारच ना हे," ते स्वतःशी म्हणाले.

त्यांनी आमची चळत शिट्टीशेजारी ठेवली. सगळ्यात वर, पाठ आभाळाकडे करून, मी. ओल्या कुंकवाचं बोट आधी शिट्टीला लागलं आणि मग माझ्या कोपऱ्याला. थंडगार वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी पूजा केली होती, मी फुशारून गेलो. कुंकू वाळलं, आबांनी ते रुमालाने टिपलं, पण डाग माझ्या कागदात मुरला होता. पळसाच्या लाल फुलांत तो सहज लपला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या खेळात ज्या पत्त्याची पाठ ओळखू येते, तो पत्ता लबाडीचा धरतात. डेकच्या वर तो दिसला की पुढे काय येणार ते खेळणाऱ्याला आधीच कळतं ना! पण मला तोंड नव्हतं. रूपाली शनिवारी उशिरा परत आली आणि रविवारी सकाळी डबा उचलून निघाली.

नव्या रायपुरातले रस्ते एवढे रुंद की पलीकडे जायला शिदोरी बांधून निघावं. बसने आम्हाला एका चौकात सोडलं आणि तिथून आबा आणि रूपाली पाऊण तास चालले. सभागृहात चाळीस-पन्नास मुलं होती. रूपाली एकेक फेरी जिंकत गेली. आम्ही भाऊ समोर उभे राहून मार खायचो आणि आमच्या मागून अस्वलं उतरायची. दुपारी ती अंतिम फेरीत पोचली. समोर होता भिलाईचा विकी, गेल्या वर्षीचा विजेता.

अंतिम फेरीआधी पंच दोन्ही डेक तपासतात. पंचबाईंनी आमचे चाळीसही पत्ते पाठ वर करून पांढऱ्या टेबलावर ओळीने मांडले. वर ट्यूबलाइटचा झगझगीत उजेड. त्यांचं बोट ओळीवरून सरकत आलं आणि माझ्यावर थांबलं.

"ये निशान कैसा है?"

रूपाली वाकली. तिच्या नाकाला कुंकवाचा वास लागला आणि तिला सगळं समजलं. तिने एकदाच वळून आबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पता नहीं, मॅडम," ती म्हणाली. आबांचं नाव तिने घेतलं नाही.

बाईंनी मला उलटवलं. बाँबी! बघायला जमलेली मुलं हसली. बळ शून्य असलेल्या पत्त्यावर कोण खूण करणार? बाईंच्याही चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तेवढ्यात विकी बोलला.

"मॅडम, हंसने की बात नहीं है. दीदी का पूरा डेक इसी बाँबी पे चलता है. बाँबी आई, तो भालू आता है."

बघा माझं नशीब! इतक्या दिवसांत परक्या माणसाने पहिल्यांदा माझी किंमत ओळखली, आणि तीही नेमकी नको तेव्हा. हसणं थांबलं. बाईंनी नियमांचं पुस्तक ओढलं. मुद्दाम खूण केली असेल तर खेळाडू बाद, असं त्यात लिहिलं होतं. मला माझीच लाज वाटत होती.

मागच्या खुर्च्यांतून आबा उठले. ते टेबलापाशी आले.

"साहब, वो मैंने लगाया," ते म्हणाले. "पोट्टीले काही माहीत नाही. नवमी की पूजा थी. मले वाटलं, तिचं हत्यार हाय, तर…" त्यांनी खिशातून शिट्टी काढून टेबलावर ठेवली. शिट्टीच्या खाचेत तेच कुंकू वाळून बसलं होतं.

बाईंनी शिट्टी उचलली, माझ्या शेजारी धरली आणि बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं. मग त्यांनी विकीला, त्याची काही हरकत आहे का, ते विचारलं.

"मुझे दिक्कत नहीं है, मॅडम," विकी म्हणाला. "हमारे घर में पापा स्कूटर को लगाते हैं. बस वो पत्ता निकलवा दीजिए."

बाईंनी पुस्तक मिटलं. ही लबाडी नाही, असं त्यांनी सांगितलं. पण डाग असलेला पत्ता खेळणार नाही. त्याच्या जागी आयोजकांच्या पेटीतला एक साधा पाणवठा मिळेल. रूपालीने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे हलके पत्ते हलले.

मी मात्र आबांच्या सदऱ्याच्या खिशात गेलो, शिट्टीच्या शेजारी. तिथे अंधार होता आणि आबांचं काळीज धडधडत होतं. ते पुटपुटत होते, "माह्या कुंकवानं पोट्टी हरली तर मी काय तोंड दाखवू?" मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. विकीचे हत्ती उतरले. रूपालीचे प्राण वीसचे अकरा झाले, अकराचे चार झाले. मग पत्ता टेकवल्याचा आवाज आला आणि विकी कळवळून म्हणाला, "फिर बाँबी!"

तो माझा भाऊ होता! आम्ही चार जण कशासाठी घेतले होते, ते मला तेव्हा पुरतं उमगलं. हत्ती भावावर आदळले आणि अडले. मागून एक अस्वल उतरलं, मग दुसरं. थोड्या वेळाने बाईंनी रूपालीचं नाव पुकारलं आणि टाळ्या वाजल्या. आबांची छाती एकदा भरून वर आली आणि हळूच खाली गेली. त्यांच्याबरोबर मीही वर-खाली झालो.

खरं सांगू? माझ्यावाचून काही अडलं नाही, याचं मला वाईट वाटलं नाही. मला अगदी मोकळं वाटलं. मी डेकमध्ये राहिलो असतो आणि त्यापायी ती बाद झाली असती, तर ते मी कसं सोसलं असतं?

रूपाली धावत आली आणि आबांच्या कमरेला बिलगली. "आबा, अगली बार या तो चालीसों को लगाना, या किसी को नहीं!"

आबा हसता हसता डोळे पुसत होते. त्यांनी मला खिशातून काढलं. "चाल बाबू, तुही ड्युटी संपली. गार्ड बदलते, गाडी थांबत नाही."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे पत्ते असतील, तर जेवलेल्या हातांनी त्यांना धरू नका. त्यांना प्लास्टिकची पिशवी घाला, दुमडू नका, पुस्तकात खूण म्हणून विसरू नका. आणि डेक बांधताना, ज्याच्यावर शून्य लिहिलंय त्याला फेकण्याआधी त्याच्यावरचा बारीक मजकूर एकदा वाचा. आबांनी वाचला, म्हणून मी आज बोलतो आहे.

मी आता पत्र्याच्या एका डबीत शिट्टीबरोबर राहतो. नवमीला आम्हा दोघांना पाटावर बसवतात. आबांचा हात आता थरथरतो, म्हणून या वर्षी नागपूरहून आलेल्या रूपालीने त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून कुंकवाचं बोट माझ्या पाठीवर टेकवलं, अगदी त्या जुन्या डागावर. कुंकू वाळेपर्यंत दोघंही शेजारी बसून होते. ते कोणी टिपलं नाही.