पाव वाळलेल्या वड्या

टकटकमावशीने मांडणीवरची साबणाची वडी उचलली, कानाशी धरली आणि बोटाच्या पेराने दोनदा वाजवली. मागे तिचा सख्खा भाचा, म्हणजे कारखान्याचा हिशेबनीस, वही छातीशी धरून उभा होता. त्याच्यामागे नवे मॅनेजर.

वडी किती वाळली ते आवाजावरून सांगणाऱ्या या बोटाची ख्याती मोठी. धाकट्या लेकीला मागणी घालायला आलेल्या तरुणाची पाठ मावशीने एकदा अशीच वाजवली, "चाळीस टक्के," म्हणाली आणि त्याला तीन वर्षं थांबवलं. आज जावई सोन्यासारखा आहे. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. पाठ अजून चोळतो.

आजचं दुखणं मात्र जड होतं. महिन्याचा ब्याऐंशी हजारांचा खर्च मॅनेजरांनी तयार झालेल्या सहा हजार वड्यांवर वाटला होता. वडी पावणेचौदा रुपयांच्या घरात गेली. बाहेरचा पुरवठादार साडेनऊला देत होता. हाच आकडा राहिला तर वाळवणखोलीला कुलूप, आणि मावशीसकट अकरा बायका घरी.

"साहेब, मांडणीवरच्या चार हजार वड्या काय नुसती हवा खाऊन राहिल्या?" हिशेबनीस म्हणाला. "कच्चा माल त्यांच्यातही पुरा घातलाय. चाळीस हजारांचा माल दहा हजार वड्यांत वाटा, वडीमागे चार. उरले मजुरीचे बेचाळीस हजार. या अर्ध्या वाळल्या असतील, तर चार हजारांत दोन हजार पुऱ्या वड्यांइतकी मजुरी गेली. सहा नि दोन आठ हजार. वडीमागे सव्वापाच."

"म्हणजे एकूण सव्वानऊ. पण अर्ध्याच झाल्यात कशावरून?"

"मावशी सांगेल." भाच्याने घसा खाकरला, जरा जास्तच खाकरला. "अर्ध्या असतील ना गं?"

मावशीने दुसरी वडी वाजवली. तिसरी. मग वाकून खालच्या फळीवरची. वड्या पलटणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"पाव," ती म्हणाली.

"मावशी, नीट ऐक."

"कान माझे आहेत, रे. पाव म्हणजे पाव."

भाच्याने कपाळाचा घाम वहीनेच पुसला. पाव म्हणजे हजारच पुऱ्या वड्या. बेचाळीस हजारांना सात हजारांनी भागलं, सहा. वर मालाचे चार. दहा. साडेनऊच्या पुढे.

मॅनेजर मावशीच्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून एक वडी काढली, तिचा कागद सोडवून मुठीत घेतला आणि उघडी वडी पुढे धरली.

"ही?"

मावशीने वाजवली. उलटी करून पुन्हा वाजवली.

"अर्धी. वरून कडक, आत ओली. गुंडाळायची घाई झाली बिचाऱ्याला."

मॅनेजरांनी वडी स्वतःच्या कानाशी नेली, टकटक केलं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी मूठ उघडली. चुरगळलेल्या कागदावर पुरवठादाराचा शिक्का होता.

हिशेबनिसाच्या कानामागची पेन्सिल त्यांनी स्वतःच काढून घेतली.

"अर्धी वडी साडेनऊला," ते हळू म्हणाले, "तर पुरी केवढ्याला पडेल?"

मावशी तोवर पुढच्या मांडणीपाशी पोचली होती.

"हात काय थांबवलेत गं? पलटा वड्या. पाऊण काम बाकी आहे."