प्रयुक्त पहिला

निष्कर्ष

"सर, प्रयुक्त पहिला काढून टाकू का?"

सर पडद्याकडेच बघत होते. "का? काय केलंय त्यानं?"

"खालच्या डाव्या कोपऱ्यातला एकही ठिपका दिसलेला नाही त्याला. बाकी सगळीकडे चोख."

"लक्ष नसेल त्याचं."

विद्यार्थिनीनं आकड्यांवरून नजर वर केली. प्रयुक्त पहिला तिच्यासमोरच बसून चष्मा पुसत होता.

पद्धत

ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्रयुक्त. या प्रयोगशाळेतली रीत अशी, की प्रयोग करणाऱ्यानं आधी स्वतः त्या खुर्चीत बसायचं. हनुवटी टेकवायची, मधल्या फुलीवर नजर रोखायची, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. आपल्याला सोसेल तेवढाच कंटाळा दुसऱ्याला द्यावा, असं सरांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या प्रत्येक लेखातला प्रयुक्त पहिला म्हणजे ते स्वतः.

संदर्भ

तरुणपणी त्यांनी एक लेख लिहिला. म्हणणं एवढंच: समोरची वस्तू दिसली नाही, तर दोष बहुतेक वेळा डोळ्याचा नसतो, लक्षाचा असतो. पुढे जग तो लेख उद्धृत करत राहिलं. वैमानिकांवर लिहिणाऱ्यांनी केला, रस्त्यावरच्या पाट्यांवर लिहिणाऱ्यांनी केला, न वाचलेल्यांनी तर हमखास केला. उरलेले लेख मुख्यतः सरांनीच उद्धृत केले. दरवर्षीच्या सभेत विभागप्रमुख सायटेशनचा आकडा मोठ्यानं वाचत. सर तेव्हा खिडकीबाहेर बघत. नंतर खोलीत येऊन, दार लोटून, आकडा बरोबर होता का ते तपासत.

चर्चा

घरी झाली. एकतर्फी.

"टेबलाचा कोपरा लागला, म्हणे लक्ष नव्हतं. चपलांत अडखळलात, लक्ष नव्हतं. ताटात डावीकडचं तसंच राहतं रोज. ते काय, जेवणातही लक्ष नाही?"

"अगं, माझं सगळं संशोधनच आहे यावर."

"संशोधन घाला चुलीत. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपलात ना, तेव्हापासून चाललंय हे. डोळे दाखवा आधी."

"डोळ्याचं नाहीये ते."

"मग माझ्या डोक्याचं असेल," बायको म्हणाली आणि कपबशी उचलून त्यांच्या उजव्या हाताला ठेवली.

पुन्हा पद्धत

लेख खरा असेल, तर उपाय सोपा होता. लक्ष तिकडे वळवायचं, म्हणजे ठिपका दिसेल. सरांनी विद्यार्थिनीला सांगून प्रत्येक ठिपक्याआधी एक बाण घातला, त्या कोपऱ्याकडे दाखवणारा. ठिपके ठळक केले. खुर्चीत बसले. नजर फुलीवर, आणि मनात फक्त तो कोपरा. आयुष्यभरात एवढं लक्ष त्यांनी कशालाच दिलं नव्हतं. बायकोच्या बोलण्याला तर नाहीच.

बाण येत होते, जात होते. कोपरा शांत होता.

"अगं, ठिपके सुरू कर ना," ते म्हणाले.

"सर," विद्यार्थिनी म्हणाली, "संपले."



(इथे शीर्षक नाही)

डॉक्टर तरुण होती. "सर, तुमचा लेख आम्हाला होता अभ्यासाला."

"वाचलात?"

"सारांश," ती हसली. मग स्कॅनचा फोटो उजेडावर लावला. "डोळे उत्तम आहेत तुमचे. हे इथे, मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचलेलं नाही. छोटासाच झटका. पण जे गेलं ते परत येईलसं वाटत नाही. त्याच दिवशी आला असतात, तर..." तिनं टेबलावरचे कागद सारखे केले.

"तर?"

"नक्की सांगता येत नाही."

"यांना लक्षाचं काहीतरी वाटलं ते," बायको म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि ते सरांना जड गेलं.

बाहेर बाकावर बसून त्यांनी विद्यार्थिनीला फोन लावला.

"पहिल्याला काढून टाक."

"बरं सर. पण... वगळल्याचं कारण लिहावं लागतं ना. लक्ष नव्हतं, असं लिहू?"

"लक्ष होतं."

"मग काय लिहू, सर?"

"लिही, दिसत नाही."

खाली उतरायला जिना होता. सरांना पायऱ्या सगळ्या जागेवर दिसत होत्या. कुठे भोक नाही, काळोख नाही. जे दिसत नाही ते मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो, हे ते वर्गात शिकवत आले होते. त्यांनी दिसण्यावर विश्वास ठेवला नाही. बुटाच्या टोकानं कड चाचपली, मग पाऊल ठेवलं. पुन्हा चाचपली. मागे माणसं खोळंबली, कुणीतरी चुकचुकलं.

"या सावकाश," बायको म्हणाली. "कुणाला घाई नाहीये."

ती एक पायरी खाली होती, डावीकडे. आवाजावरून.