पंखावाल्याची तिसरी दोरी

कसबा पेठेतल्या वैजनाथरावांच्या कळसूत्री बाहुल्यांच्या मंडळात राजाला नऊ दोऱ्या होत्या, राणीला सात, प्रधानाला सहा आणि राजाच्या मागे उभं राहून पंखा हलवणाऱ्या नोकराला दोन. एक कमरेला, एक उजव्या हाताला. डोक्याला दोरीच नाही, त्यामुळे तो कायम मान खाली घालून उभा. बघणारे म्हणत, काय नम्र बाहुली आहे! नम्र कसली, मान उचलायला दोरी नाही तर बिचारा करणार काय?

हा पंखावाला अकरा वर्षं आम्रपालीच्या हातात होता. एरवी ती पाटबंधारे खात्यात लिपिक, आणि सुट्टी मिळाली की मंडळात. तिला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे त्याच्या डोक्याला तिसरी दोरी. तिच्या घरात मान खाली घालून उभं राहायची सवय आजोबांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच सोडली होती. आणि आपण मात्र दर खेळाला आपल्याच हाताने एकाला तसं उभं करतो, हे तिला फार लागे.

पण दोरी मागून मिळत नसे. वैजनाथरावांच्या वडिलांनी नियम घालून दिला होता. खेळ संपल्यावर एखाद्या प्रेक्षकाने आपणहून बाहुलीचं नाव विचारलं, तर तिचं बारसं करायचं आणि नावाबरोबर एक दोरी वाढवायची. नाव ठेवायचा मान बाहुली चालवणाऱ्याचा. प्रधान असाच वर आला. आधी तो दरबारातला नुसता चौथा माणूस होता. उलट विदूषकाची तीन वर्षं कोणी चौकशी केली नाही, तर त्याच्या दोऱ्या एकेक करून उतरल्या आणि तो पेटीच्या तळाशी गेला. पंखावाल्याच्या उतरवायला दोनच होत्या, आणि राजामागे कोणीतरी उभं लागतंच, म्हणून तो टिकला.

नियमाचे पहारेकरी होते सीतारामकाका. तीस वर्षं ते राजा चालवत आणि आता पेटी उचलतानाही राजासारखीच पावलं टाकत. एकदा आम्रपालीने न राहवून आपल्या भाचीला, दीक्षाला, पहिल्या रांगेत बसवलं आणि नाव विचारायला शिकवून ठेवलं. पोरीला इतका धीर धरवेना की पडदा वर जाताच ती ओरडली, "त्या पंखावाल्याचं नाव काय?" पंखावाला तेव्हा रंगमंचावर यायचाच होता.

"आम्रपालीताई," काका नंतर म्हणाले, "घरचीच माणसं जमवायची तर खेळ कशाला? हळदीकुंकू ठेवा."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या दिवसापासून तिने पळवाट शोधणं सोडलं आणि तो एक हात घासून घासून तयार केला. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात; या बाईने एका हातावर अख्खा माणूस उभा केला. राजा खूश असला की पंखा डौलात हले. राजा रागावला की भराभर. आणि राजा थाप मारू लागला किंवा भलतंच काही मागू लागला की पंखा अर्ध्यावर थांबे, क्षणभरच, आणि पुन्हा चालू. हे कोणी पाहो न पाहो, ती करत राहिली.

दोन हजार सात साली खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने कुटुंबदिनासाठी मंडळाला बोलावलं. एकाच दुपारी दोन खेळ, मध्ये चहा. काचेच्या त्या इमारतीत गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली दोनशे पोरंपोरी आणि त्यांचे आईवडील बसले होते. राजा ऐटीत आला. "प्रधानजी, महाल उद्या सकाळपर्यंत बांधून झाला पाहिजे!"

पंखा थांबला.

सभागृहात हास्याचा स्फोट झाला. आम्रपालीला आधी कळेचना काय झालं. सीतारामकाकांनी आवाज चढवला, "अवघड काय आहे त्यात?" पंखा पुन्हा थांबला, पुन्हा हशा, आता शिट्ट्यासुद्धा. काका जितके गरजत, तितका पंखावाला गाजे. उरलेला खेळ लोकांनी राजाकडे पाहिलंच नाही. राजा कामं सांगतोय आणि मागचा माणूस ती मुकाट्याने ऐकतोय, हे त्या पोरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्रपालीचा ऊर अभिमानाने भरून आला. हात मात्र तिने नेमाने चालू ठेवला.

चहाच्या वेळी एक तरुण पडद्यामागे आला. "सॉरी हं, सौरभ माझं नाव. तो पंखावाला एक नंबर! आमच्याच टीममधला वाटतो. नाव काय त्याचं?"

आम्रपालीने हातातला कप खाली ठेवला. पण ती सांगायच्या आत काका पुढे झाले.

"तुम्हाला कुणी विचारायला सांगितलंय?"

"नाही हो. कोण सांगेल?"

"यांची भाची दीक्षा, ओळखता?"

"कोण दीक्षा?"

काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग आम्रपालीकडे वळून म्हणाले, "सांगा की. पाहुण्यांना ताटकळत ठेवायची पद्धत आहे का आपल्याकडे?"

"आनंद," ती म्हणाली. अकरा वर्षं हे नाव तिच्या ओठांवर होतं. "बुद्धांची सेवा पंचवीस वर्षं करणाऱ्याचं नाव. तोही वारा घालायचा. पण मान खाली घालून नाही."

सौरभ "मस्त!" म्हणत गेला. वैजनाथरावांनी पेटी उपसली, पण जादा दोरी कुठेच नव्हती. "पाडव्याला डागडुजी काढू, तेव्हा बांधू," ते म्हणाले.

"पाडव्याला कशाला?" काका खाली बसले. त्यांनी राजाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या डाव्या पायाची दोरी सोडायला सुरुवात केली.

"काका, अहो, राजाची दोरी?" आम्रपाली म्हणाली.

"राजे हल्ली चालतात कुठे? सगळ्यांना गाड्या आहेत." गाठही त्यांनी स्वतःच मारली, आनंदच्या डोक्याला, पक्की.

दुसऱ्या खेळाला राजा थोडा लंगडत आला. "महाल उद्या सकाळपर्यंत बांधून झाला पाहिजे!"

पंखा थांबला. आणि आनंदने मान वर करून थेट राजाकडे पाहिलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"फार वर नको," शेजारून काका पुटपुटले, "राजाला ओशाळल्यासारखं होतंय."

आम्रपालीने दोरी आणखी बोटभर वर ओढली.