शेगडीची काच

काच तडकली तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आतून फट्‌कन आवाज आला आणि ती हातातला ओला सदरा टाकून धावली. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. तिचा नवरा रिकामा तांब्या धरून शेगडीसमोर उभा. दूध आटून पातेल्याचा पार कोळसा झाला होता, त्यावर त्याने गार पाणी ओतलं होतं, आणि शेगडीची काळी काच या कडेपासून त्या कडेपर्यंत चिरली होती.

आणि हे कोणी करावं? ज्याची उभी हयात शाळेच्या प्रयोगशाळेत गेली, तापल्या काचेला कुणी ओला हात लावला तर जो पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, त्याने! तिला रडू फुटत होतं, पण रडायला सवड कुठली? तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली.

"कुणी केलं गं हे?" त्याने विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

"माझ्याच हातून झालं. तुम्ही बाहेर बसा बघू."

मुलगा मागेच निक्षून बोलला होता. बाबा वाट चुकले, नळ उघडा टाकून झोपले, तिथवर ठीक. आता आगीशी खेळ झाला तर त्यांना संस्थेत ठेवायचं. तो जागाही बघून आला होता. तेव्हापासून ती शेगडीला डोळ्यांत तेल घालून जपत होती. आज कपड्यांपुरती पाठ वळली, तेवढ्यात घात झाला.

तिने पातेलं कागदात गुंडाळून कचऱ्यात खाली दडपलं. कुकर शेगडीशेजारी आणून ठेवला. आयुष्यात कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं, म्हणून ओट्याशी उभी राहून तिने ते पुटपुटत पाठ केलं.

संध्याकाळी मुलगा आला.

"कुकर निसटला रे हातातून," ती म्हणाली.

त्याने चिरेवरून बोट फिरवलं. "तुला लागलं नाही ना?"

"नाही रे."

मग तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"आई, बाबांना मी तुझ्या जिवावर इथे ठेवलं होतं. आता तुझ्याच्याने कुकर उचलवत नाही, तर कसं व्हायचं? उद्या संस्थेत बोलून येतो. तू माझ्याकडे चल."

खरं सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगूनही तेच होणार होतं.

बाहेरच्या खोलीतून तिचा नवरा उठून आला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला काही बोलू नकोस रे," तो मुलाला म्हणाला. "वय झालंय तिचं. मी आहे ना, मी सांभाळीन तिला."